कुटुंबीयांची तपासणी करावी

९ फेब्रुवारी

प्रिय मुंगीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे केराच्या टोपलीत टाकलं नसशील, तर एवढं एक पान वाच. मग टाक.

अकरा वर्षांत चार-पाचदा लिहायला बसलो आणि ‘प्रिय’च्या पुढे सरकलो नाही. या वेळी काम आहे, म्हणून जमतंय. नुसतं मनातलं बोलायचं म्हटलं की मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो. एवढ्या लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, पण ही काही दुरुस्त झाली नाही.

काम असं की तू रक्त तपासून घे. चाचणीचं नाव डॉक्टरांकडून लिहून आणलंय, चिठ्ठी सोबत आहे. हिपॅटायटिस बी म्हणून लिव्हरचा एक विषाणू असतो. नळीभर रक्त द्यायचं, दोन दिवसांत निकाल येतो. आमच्या कंपनीत पन्नाशीपुढच्यांची तपासणी करतात, त्यात माझ्यात तो निघाला. मला काही होत नाही. खातो, पितो, कामावर जातो. पण डॉक्टर म्हणाल्या, “इतका जुना दिसतोय म्हणजे बहुतेक जन्माच्या वेळी आईकडून आला असणार. भावंडं आहेत का?”

मी म्हणालो, एक बहीण आहे.

“मग तिला सांगा. तिच्या मुलांनाही.”

तुझ्या चिंगीला पाचवा महिना लागलाय, हे मला माहीत आहे. तुझी वहिनी आणि चिंगी गेली सहा वर्षं एकमेकींना फोटो पाठवतायत. आपण दोघं सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही परवा चष्मा शोधताना वहिनीचा फोन हातात आला म्हणून कळलं. पोरीला रागावू नकोस. मी वहिनीला रागावून बघितलं, उपयोग झाला नाही.

चिंगीच्या आधीच्या तपासण्यांत ही होती का, ते विचार. नसेल तर लगेच करून घ्या. तिच्यात तो असला तरी बाळाला वाचवता येतं, पण आधी माहीत हवं. तेवढ्यासाठी हे पत्र.

तुझा दादा

२ मार्च

प्रिय मुंगीस,

पत्र परत आलं नाही. चिंगीकडून कळलं की तू ते फ्रिजवर ठेवलंयस, न फोडता. येता-जाता बघतेस म्हणे. म्हणून हे दुसरं. आधी हे फोडलंस तर पहिलंही फोड, नाहीतर क्रम चुकेल.

पहिल्या पत्रात मी एक गोष्ट खोटी लिहिली. कंपनीची तपासणी वगैरे काही नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये दाढी करताना मानेला गाठ लागली. सुपारीएवढी, न दुखणारी. मी म्हटलं, जाईल. डिसेंबरात काखेत दुसरी आली. शर्ट भिजेपर्यंत घाम यायला लागला तेव्हा वहिनीने मला गाडीत घातलं. गाठीचा तुकडा काढून तपासला. लिम्फोमा निघाला. रक्तातल्या राखणदार पेशींचा कॅन्सर, असं समज. एकवीस-एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध, असे सहा डोस. एक झाला. केस उशीवर यायला लागलेत.

लगेच रडू नकोस. रडायचं नसेल तर प्रश्नच नाही.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी ढीगभर रक्त काढलं, त्यात हा विषाणू सापडला. आमच्या डॉक्टर तरुण आहेत, चिंगीहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. बोलतात मात्र हेडबाईंसारख्या. मी म्हणालो, “आजार मानेत आणि तुम्ही लिव्हर कशाला धरून बसलात?”

त्या म्हणाल्या, “तुम्ही लिफ्ट तपासायला गेलात की आधी काय बघता?”

“दोर.”

“दोर तुटलेला नसला तरी?”

“तरी. दोरावरून पुढचं कळतं.”

“मग मीही तेच करतेय. या आजारात हा विषाणू अंगात आहे की नाही, यावरून पुढे काय होणार याचा बराच अंदाज येतो. औषधाने तुमची प्रतिकारशक्ती खाली जाणार, आणि इतकी वर्षं झोपलेला हा उठून बसणार. तो उठला की लिव्हर बिघडतं. लिव्हर बिघडलं की माझं औषध थांबतं, आणि मग गाठींना रान मोकळं.”

म्हणून तो उठू नये यासाठी रोज एक बारीक पांढरी गोळी आहे. सहा डोस संपल्यावरही दीड-दोन वर्षं, कदाचित जन्मभर.

वहिनीचं रक्त तपासलं, ती साफ आहे. तिने लस घेतली आणि येताना मला म्हणाली, “तुमच्या घराण्यातलं एवढं एकच मला मिळालं नाही, बाकी सगळं आलं.” ती ठीक आहे. मला दिवसातून चार वेळा सूप पाजते.

मुंगे, ती चिठ्ठी घेऊन जा. माझ्यासाठी नको. चिंगीसाठी जा.

दादा

२५ मार्च

प्रिय मुंगीस,

पाकीट आलं. आत दोन रिपोर्टांच्या झेरॉक्स, एक तुझा, एक चिंगीचा. दोन्हींवर तोच शब्द, पॉझिटिव्ह. मी बराच वेळ ते दोन कागद एकावर एक ठेवून बसलो. डॉक्टरांना दाखवले. तुझं लिव्हर अजून चांगलं आहे, पण सहा-सहा महिन्यांनी दाखवत राहायला हवं. चिंगीच्या रक्तात विषाणू भरपूर आहे. तिला सातव्या महिन्यापासून गोळी सुरू करायला सांगितलीय, म्हणजे बाळंतपणापर्यंत त्याची संख्या खाली येईल. आणि बाळ जन्मलं की बारा तासांच्या आत त्याला दोन इंजेक्शनं, एक लशीचं आणि एक तयार प्रतिकारशक्तीचं. दवाखान्याला आधीच लेखी देऊन ठेवा. ऐन वेळी कपाटाची किल्ली सापडत नाही असं व्हायला नको.

आता तुझ्या झेरॉक्सच्या मागची ओळ. ‘आईला हे होतं, हे तुला कधी कळलं?’

या पत्राचा पहिला मसुदा मी काल लिहिला. त्यात ‘आत्ताच, माझ्या रिपोर्टवरून’ असं होतं. तो फाडला.

नऊ वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं तेव्हा खोक्यात आईची हॉस्पिटलची फाइल निघाली. मी जमिनीवर बसून वाचली. शेवटून दुसऱ्या पानावर तिच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: हिपॅटायटिस बी, जुना संसर्ग. लिव्हरची हानी अनेक वर्षांची. घरी घेतलेल्या काढ्याशी संबंध दिसत नाही. त्याखाली रेघ मारून: कुटुंबीयांची तपासणी करावी.

तो कागद आधीही तिथेच होता. आई गेली त्या दिवशी डॉक्टर कदाचित तोंडाने बोललेही असतील. पण त्यांनी “आई आणखी काही घेत होत्या का?” असं विचारलं, तू खरं सांगितलंस की चार महिने मी रोज सकाळी मुळ्यांचा काढा देत होते, आणि त्याच्यापुढचं मी काही ऐकलंच नाही. कॉरिडॉरमध्ये मावशी, काका, शेजारचे, सगळे उभे होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. “म्हणजे हिनेच आईला घालवलं.” हे वाक्य मी इथे लिहितोय, कारण अकरा वर्षांत मी ते कुणाजवळ जसंच्या तसं कबूल केलेलं नाही. वहिनीला सांगताना मी ‘जरा जास्त बोललो’ असं सांगितलं होतं.

कागद वाचल्यावर तुला त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी फाइल बांधली आणि माळ्यावर टाकली. स्वतःला म्हणालो, आपल्याला यातलं काय कळतं. मला कळलं होतं, मुंगे. नीट कळलं होतं. पण तू गेल्यापासून मी त्या रागाला टेकून उभा होतो. तो काढला असता तर आडवा झालो असतो.

तेव्हा सांगितलं असतं तर तुझी, चिंगीची, माझी तपासणी नऊ वर्षं आधी झाली असती.

तो कागद सोबत पाठवतोय. झेरॉक्स नाही, मूळ. तो तुझ्याकडेच असायला हवा होता.

उद्या माझा तिसरा डोस आहे.

दादा

१९ एप्रिल

मुंगे,

तुझं काही आलं नाही. येऊ नये असंच मी लिहिलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

हे पत्र वहिनीच्या धाकाने लिहितोय. ती म्हणते, “सगळं कबूल करायला निघालाच आहात, तर हेही करा.”

माझा चौथा डोस पुढे ढकललाय. चूक माझी. दिवसाला अकरा गोळ्या, तोंडाला चव नाही, घोटभर पाणी उलटून यायचं. बाकीच्या गोळ्यांचं काहीतरी जाणवतं. ही पांढरी घेतली काय, न घेतली काय, काहीच कळत नाही. म्हणून हिला सुट्टी दिली. वहिनीसमोर जिभेखाली धरायचो आणि बेसिनमध्ये थुंकायचो. छप्पन्न वर्षांचा घोडा. तीन आठवडे असं चाललं.

मग डोळे पिवळे झाले.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यापुढे एक रजिस्टर उघडलं. या आजाराच्या दोनशे पेशंटची नोंद त्या ठेवतायत. ज्यांच्यात हा विषाणू आहे त्यांची नावं हिरव्या शाईत. म्हणाल्या, “हिरव्यांतले जे गेले ना, त्यांतल्या कित्येकांच्या गाठी विरघळत होत्या. औषध लागू पडत होतं. मध्येच थांबवावं लागलं म्हणून गेले. ज्यांनी गोळी नीट घेतली, ते आणि विषाणू नसलेले बाकीचे यांच्यात मला फार फरक दिसत नाही. तुमच्या गाठी निम्म्या झाल्यात. आता सांगा, मी तुम्हाला कुठे लिहू?”

मला माळ्यावरची फाइल आठवली. न बघितलं म्हणजे ते नाही, ही माझी जुनीच खोड.

गोळी परत सुरू केलीय. वहिनी आता तोंड उघडायला लावून बघते.

दादा

१८ मे

प्रिय मुंगीस,

२२ एप्रिलला सकाळी पावणेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. मी ‘हॅलो’ म्हणालो. पलीकडून एकच शब्द. “गोळी?”

अकरा वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि काय बोललो? “अजून नाही.”

“घे. मी थांबते.”

मी घेतली. पाणी प्यायल्याचा आवाज तुला जावा म्हणून जरा जोरातच प्यायलो. तू म्हणालीस, “बरं,” आणि ठेवून दिलास.

त्यानंतर रोज. पावणेआठ म्हणजे पावणेआठ. वहिनीने एकदा घड्याळ लावून बघितलं, आपलं संभाषण आठ सेकंदांत संपतं. एकदा मी हुशारी करून “कशी आहेस?” असं विचारलं, तर तू म्हणालीस, “विषय बदलू नकोस.” तुझा हा चावरा स्वभाव घरात कुणाकडून आला, याचा शोध अजून लागलेला नाही.

चौथा डोस ७ तारखेला झाला. लिव्हर जागेवर आलंय. पाचवा २८ला. काल तुझा आकडा आठावरून चाळीस सेकंदांवर गेला, कारण चिंगीचे पाय सुजलेत हे तुला कुणाला तरी सांगायचं होतं. पाय उंचावर ठेवायला सांग. रक्तदाब बघा.

फोनवर हे म्हणता येत नाही, म्हणून लिहितो. पावणेआठ वाजेपर्यंत मी आता दाढी करून बसलेला असतो. दाढीला केस नाहीत तरी.

दादा

३ जुलै

प्रिय मुंगीस,

घरी नीट पोचलीस ना? चिंगी, पोर, जावई सगळे झोपतायत का? तिथे सगळ्यांसमोर मला बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा कागद.

मी हॉस्पिटलात यायलाच नको होतं. माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला होत्या, डॉक्टरांनी गर्दीत जायला बंदी केली होती. वहिनीला म्हणालो, मी आत जाणार नाही, जिन्यापाशी उभा राहीन. टोपी, मास्क, अंगावर लोंबणारा कोट. नर्सने मला दोनदा विचारलं, “आजोबा, वाट चुकलात का?”

मग तू दारातून बाहेर आलीस. केस पांढरे झालेत तुझे. मला कुणी सांगितलं नव्हतं. फोटोंत चिंगीच असायची.

तू म्हणालीस, “टोपी काढ.” मी काढली. तू माझ्या टकलाकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, “थेट बाबा.” आणि हसायला लागलीस आणि हसता हसता भिंतीला टेकलीस.

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन गेली. तू तिच्यामागे धावलीस. “बारा तास झाले नाहीत ना?” ती म्हणाली, “अहो आजी, अजून दोनही झाले नाहीत.” दाराच्या काचेतून आपण दोघांनी बघितलं. एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरं. पोरगी असली किंचाळली की मला मास्कच्या आत रडू आलं. तुझा हात माझ्या कोटाच्या बाहीवर होता. तुला आठवतं का, माहीत नाही. माझ्या लक्षात आहे.

मी घोकून आणलेली माफी सुरू केली, तर तू थांबवलंस. म्हणालीस, “तू ओरडलास त्याचं मला कधी काही वाटलं नाही, दादा. मला वाटायचं, तू बरोबरच बोललास. अकरा वर्षं मला वाटायचं की मीच मारलं तिला. मी रागाने नाही गेले. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून गेले. आणि तुझ्या माळ्यावर तो कागद होता.”

मी समजत होतो, तू माझ्यावर रुसून बसलीयस. त्या समजुतीवर मी स्वतःला माफही करत आलो, की तीही हट्टी, मीही हट्टी, चालायचंच. तू रोज सकाळी उठून स्वतःला खुनी समजत होतीस, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. एवढंच लिहितो: तू आईला शेवटचे चार महिने रोज सकाळी गरम काहीतरी करून पाजलंस. त्या चार महिन्यांत मी तिला भेटायला सात वेळा आलो. मोजलेत.

जाताना तू म्हणालीस, “लगेच सगळं विसरेन असं नाही.” मी म्हणालो, नको विसरूस. तर म्हणालीस, “पण फोन करीन.”

दादा

१४ एप्रिल

प्रिय मुंगीस,

तू ताकीद दिलीयस, “तुझा रिपोर्ट फोनवर सांगायचा नाही. फोनवर तू सगळं छानच सांगतोस. लिहून पाठव, प्रत जोड.” म्हणून हे पत्र. प्रत जोडलीय.

स्कॅन साफ आहे. गेल्या ऑगस्टमध्ये, सहा डोस संपल्यावर, होता तसाच. डॉक्टर म्हणाल्या, पहिली दोन वर्षं नजर ठेवायची, तोवर मिरवायचं नाही. विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झालाय, पण गेलेला नाही, गोळी चालू. त्यांच्या रजिस्टरमध्ये माझं नाव हिरव्या शाईत आहे आणि पुढच्या रकान्यात ‘उपचार पूर्ण’. मी तो रकाना दाखवायला लावला. त्या म्हणाल्या, “तुमच्या नावापुढे मी आणखी एक खूण केलीय. तुमच्यामुळे किती जणांची तपासणी झाली, त्याची. तीन.” मी म्हणालो, चार. चौथं बारीक आहे, अजून निकाल यायचाय.

तो आज आला.

तुला चिंगीने सांगितलंय की बाळाचा रिपोर्ट सोमवारी मिळणार. ते खोटं आहे. तिने दुपारी मला फोन केला. म्हणाली, “मामा, आईला मी नाही सांगणार. आजी गेली त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तिला जे सांगितलं ते तू सांगितलंस ना? मग हेही तूच सांग. कुरियरने टाक, शनिवारी पोचेल. तोवर मी तोंड बंद ठेवते.” पोरीला रागावू नकोस.

तर ऐक. चिंगीने मला दोनदा वाचून दाखवला आणि मी दोन्ही वेळा लिहून घेतला, चुकायला नको म्हणून. बाळाच्या रक्तात विषाणू नाही. लशीने तयार झालेली प्रतिकारशक्ती आहे, भरपूर आहे. आईकडून तुला आणि मला आला, तुझ्याकडून चिंगीला आला, आणि तिथे थांबला.

वहिनी आत्ता माझ्या खांद्यावरून चिंगीने पाठवलेला नवा फोटो बघतेय आणि म्हणतेय, लिहा, अगदी सासूबाईंचं नाक आहे. खरंच आहे, मुंगे. थेट आईचं. एवढं मात्र कुठल्या इंजेक्शनने अडलं नाही.

तुझा,
दादा